उष्णता पोहोचते कुठे?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर छातीचे रुग्ण तपासले. म्हणून आज मीही छातीबद्दलच बोलणार आहे. निमित्त आहे रुग्णांकडून वारंवार येणाऱ्या एका प्रश्नाचं. ‘डॉक्टर, दूध उकळलं की त्यातले जंतू मरतात. ताप येतो तोसुद्धा जंतूंशी लढायलाच, असं तुम्हीच सांगता. मग माझ्या छातीत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेल्या जंतूंना उष्णता देऊन का नाही मारता येत?’

या प्रश्नात भाबडेपणा अजिबात नाही. बर्लिन, व्हिएन्ना, न्यूयॉर्क राज्यातले डोंगर, अलीकडे आयोवा, अशा ठिकाणी फार हुशार माणसांनी असाच प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तरासाठी प्रयोग केले. ‘शेकानं काही होत नाही’ असं तोडून सांगणं सोपं आहे, पण ते उत्तर अपुरं आहे. उष्णतेनं जंतू मरतात, यात वादच नाही. ती उष्णता नेमकी पोहोचते कुठे आणि तिथे किती वेळ टिकते, हा खरा प्रश्न आहे. आज आपण त्याचाच माग काढू.

आधी आजार समजून घेऊ. मी न्यूमोनियाबद्दल बोलत नाही. न्यूमोनिया येतो, माणसाला झोपवतो आणि योग्य औषधं वेळेवर मिळाली तर बहुधा जातो. मी बोलतोय ब्राँकिएक्टॅसिसबद्दल. यात श्वासनळ्यांच्या भिंती झिजतात आणि नळ्या कायमच्या रुंद आणि सैल होतात. निरोगी नळीच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांची लव असते. ती अखंड हलत राहून कफाचा पातळ थर घशाकडे वर सरकवत असते. भिंत बिघडली की ही लव जाते आणि कफ तिथंच साचतो. साचलेल्या कफात जंतू वाढतात. त्यांना मारायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, पण त्या पेशींतून सुटणारी पाचक द्रव्यं नळीची भिंतही कुरतडतात. नळी आणखी रुंदावते, आणखी कफ साचतो. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

आपल्याकडे या आजाराचं मोठं कारण म्हणजे क्षय. २०१९ साली भारतातल्या ३१ केंद्रांमधल्या २१९५ ब्राँकिएक्टॅसिस रुग्णांची नोंदवही प्रसिद्ध झाली. त्यांतल्या एक तृतीयांशाहून थोड्या अधिक रुग्णांत आजाराचं मूळ आधी होऊन गेलेल्या टीबीत होतं. म्हणजे टीबीचा कोर्स पूर्ण झाला, कार्डावर ‘बरा झाला’ असा शेरा पडला, आणि खोकला मात्र घरीच राहिला.

असेच एक शेतकरी काका वाळव्याच्या बाजूनं माझ्याकडे आले होते. मुलगा सोबत होता. काकांनी रुमालात गुंडाळून काचेची एक बरणी आणली होती. सकाळपासूनचे बेडके त्यात साठवले होते, कारण आधीच्या कुणी डॉक्टरांनी ‘किती पडतो ते बघून ठेवा’ असं सांगितलं होतं. बरणी मी खिडकीपाशी उजेडात धरली. आत सरळ तीन थर बसले होते: वर फेस, मधे पातळ, बुळबुळीत पाणी आणि तळाशी हिरवट पिवळा गाळ. हा हिरवेपणा बहुतांशी पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरव्या रंगाच्या एन्झाइमचा असतो. छातीत लढाई किती जुंपली आहे ते त्या गाळावरून दिसतं. मग मी त्यांना सदरा वर करायला सांगितलं. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, तळहाताएवढ्या कातडीवर तपकिरी रंगाची जाळी उमटली होती. वैद्यकात या खुणेला नाव आहे. रोज त्याच जागी सोसवेल इतकीच ऊब महिनोन् महिने लागत राहिली की कातडीतल्या रक्तवाहिन्यांच्या रेषेत असे डाग पडतात. काकू रोज रात्री जाडं मीठ तव्यावर गरम करून पुरचुंडीनं शेकत होत्या. मी विचारलं, ‘काका, शेकानं बरं वाटतं का?’

‘वाटतंय की. मोकळं वाटतंय. पर सकाळी बरणी हाय तेवढीच भरतीया.’

या एका उत्तरात आजचं निम्मं व्याख्यान आलं. मोकळं वाटतं, हे खरं आहे. ऊब लागली की बरगड्यांमधले आखडलेले स्नायू सैलावतात, दुखणं कमी होतं, माणूस थोडा खोल श्वास घेतो. बरणी तेवढीच भरते, हेही खरं आहे. उष्णता कुठवर पोहोचली ते त्या जाळीनं कातडीवरच लिहून ठेवलं होतं.

ती आत का शिरत नाही? कारण छाती ही रक्तानं सतत धुतली जाणारी जागा आहे. हृदय विश्रांतीतही मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फेकतं आणि ते सगळं रक्त फुप्फुसातून जातं. वाहत्या ओढ्यात तांब्याभर कढत पाणी ओतावं, तशी गत होते. कातडी आणि तिच्याखालची चरबी तापते. पण पुढे सरकणारी उष्णता रक्त उचलतं, अंगभर वाटतं आणि घाम व श्वासावाटे बाहेर टाकतं.

मग श्वासावाटेच उष्णता आत नेली तर? हा विचार एकोणिसाव्या शतकातच झाला होता. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. हा जंतू शरीराच्या तापमानाला सुखात वाढतो आणि ४१-४२ अंश सेल्सिअसच्या पुढे त्याची वाढ थांबते, हेही तेव्हाच लक्षात आलं होतं. म्हणजे जंतूचं सुख आणि त्याची अडचण यांत जेमतेम पाच अंशांचं अंतर. कुणाही विचारी माणसाला मोह पडावा असंच हे अंतर आहे. त्यात जर्मनीतल्या हाल्टर नावाच्या डॉक्टरांनी एक निरीक्षण मांडलं: चुनाभट्टीवर राबणाऱ्या, दिवसभर तापलेली कोरडी हवा ओढणाऱ्या मजुरांना क्षय क्वचितच होतो. आज हे वाचताना आपण लगेच दुसरी शंका काढू, की ज्या मजुराला धाप लागायला लागली तो भट्टी सोडून घरी गेला असणार आणि भट्टीवर उरलेले तेवढे धडधाकट दिसणार. तेव्हा ही शंका फारशी कुणी काढली नाही. १८८९च्या सुमारास लुइस वायगर्ट यांनी बर्लिनमध्ये एक यंत्र तयार केलं. धातूच्या नळ्यांमधून जाणारी हवा पाणी उकळण्याच्या अंशापेक्षाही कितीतरी जास्त तापवायची आणि रुग्णानं ती रोज तासन् तास ओढायची. नवलाची गोष्ट म्हणजे रुग्णांना ते सोसत होतं. सोसतंय म्हणजे उपचार सुखरूप आहे आणि हवा गरम आहे म्हणजे जंतू मरत असणार, असा हिशेब मांडला गेला. युरोप-अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना नवा उपचार मिळाला.

अमेरिकेत एडवर्ड ट्रूडो यांनी हे यंत्र वापरून पाहिलं. ट्रूडोंबद्दल मला विशेष आदर आहे. भाऊ क्षयानं गेला, पुढे स्वतःलाही क्षय झाला. १८७३ साली ते जवळजवळ मरायलाच म्हणून ॲडिराँडॅकच्या डोंगरात गेले, आणि तिथं जगले. सॅरनॅक लेक इथं त्यांनी क्षयरुग्णांसाठी छोट्या कुट्या बांधल्या, शेजारी प्रयोगशाळा उभारली. ते स्वतः थंड, मोकळ्या हवेचे पुरस्कर्ते होते. तरी गरम हवेच्या यंत्राला त्यांनी आधीच निकालात काढलं नाही. रुग्णांवर ते वापरलं, थुंकी तपासली. जंतू जिवंतच होते. तसं त्यांनी छापून टाकलं आणि विषय संपवला. मला हीच पद्धत अनुकरणीय वाटते. पुढे आपल्याकडेही पाचगणीला १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी बेल-एअर सॅनिटोरियम काढलं, तेही थंड हवेच्या भरवशावर. ऊब आणि गारवा, दोघांनाही क्षयाच्या जंतूनं दाद दिली नाही. त्यासाठी औषधंच यावी लागली.

वायगर्टच्या यंत्रातली गरम हवा गेली कुठे, याचं चोख उत्तर १९४५ साली मिळालं. दुसऱ्या महायुद्धात आगीत सापडलेल्या माणसांच्या छातीचं काय होतं, या चिंतेतून हार्वर्डमध्ये मॉरिट्झ, हेन्रिक्स आणि मॅक्लीन यांनी भूल दिलेल्या कुत्र्यांवर प्रयोग केले. स्वरयंत्रापाशी शेकडो अंश तापलेली कोरडी हवा सोडली तरी श्वासनलिकेच्या खालच्या टोकाला पोहोचेपर्यंत तिची धग बरीचशी उतरलेली असे. घसा आणि स्वरयंत्र भाजे, फुप्फुस मात्र सहसा वाचे. कोरड्या हवेत मुळात उष्णता साठवायची ताकदच कमी असते आणि वाटेतलं ओलं, रक्तानं भरलेलं अस्तर ती शोषून घेतं. नाक-घशाचं कामच ते आहे. आपण हिमालयात श्वास घेऊ नाहीतर विदर्भातल्या मे महिन्यात, श्वासनलिका जिथं दुभंगते त्याच्या थोडं खाली हवा पोहोचते तेव्हा ती ३७ अंशांची आणि बाष्पानं पूर्ण भरलेली असते. त्या पुढे शरीर बाहेरच्या हवामानाला आत येऊच देत नाही.

खरी वाफ मात्र आतवर भाजते, हेही त्याच प्रयोगांत दिसलं. वाफेचं पाणी होताना ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता सुटते. म्हणून फुप्फुसापर्यंत पोहोचेल इतकी वाफ ओढली तर आधी फुप्फुसच जाईल. घरी पातेल्यावर डोक्यावरून टॉवेल घेऊन आपण जे ओढतो ती वाफ नाकाशी येईपर्यंत बरीच निवलेली असते, आणि म्हणूनच ती सोसते. जी सोसते ती पोहोचत नाही आणि जी पोहोचेल ती सोसणार नाही.

वाफाऱ्याबद्दल इथं दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण कोविडच्या काळात आपल्या घराघरांत त्यानं औषधाची जागा घेतली होती. साध्या सर्दीवर गरम दमट हवेचा किती उपयोग होतो, याचा आढावा चंदीगडच्या पीजीआयएमईआर या वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी, संशोधनाचे आढावे प्रसिद्ध करणाऱ्या कोक्रेन या संस्थेसाठी घेतला. ठाम फायदा दिसला नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, कफ सैल होतो, हे मी नाकारत नाही. माझी भीती वेगळी आहे. २०२० साली बर्मिंगहॅमच्या लहान मुलांच्या रुग्णालयातून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक पत्र आलं. वाफारा देताना कढत पाणी सांडून भाजलेल्या मुलांची संख्या तिथं एकाएकी वाढली होती. आपल्या घरांत मूल मांडीवर घेऊन, जमिनीवर पातेलं ठेवून वाफारा देतात. मी हात जोडून सांगतो, मुलांना असा वाफारा देऊ नका. मोठ्यांनीही भांडं पक्क्या टेबलावर ठेवावं, मांडीवर कधीच नाही.

आता तापाकडे येऊ, कारण प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तिथं आहे. ताप उपयोगी असतो, हे मिशिगन विद्यापीठातल्या मॅथ्यू क्लुगर यांनी १९७५ साली सरड्यांवर दाखवलं. वाळवंटी इग्वाना हा थंड रक्ताचा प्राणी. त्याला आपलं तापमान आतून वाढवता येत नाही, तो ऊन शोधत जातो. जंतूंची बाधा झालेले इग्वाना मुद्दाम जास्त गरम जागी जाऊन बसतात, हे आधीच्या वर्षी दिसलं होतं. मग क्लुगरनी बाधित इग्वानांना ३४ ते ४२ अंशांच्या वेगवेगळ्या खोक्यांत ठेवलं. ३४ अंशांतले मेले. ४० आणि ४२ अंशांतले बहुतेक जगले. ताप हा केवळ रोगाचा त्रास नसून शरीराचा उपाय आहे, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

याच्या कितीतरी आधी, १९१७ साली, व्हिएन्नात युलियुस वाग्नर-याउरेग यांनी मेंदूच्या सिफिलिसनं वेड लागलेल्या रुग्णांना जाणूनबुजून मलेरिया दिला. मलेरियाचे कडक ताप काही वेळा येऊ द्यायचे, मग क्विनाइननं ते थांबवायचे. ज्यांना कुणी हात लावत नव्हतं असे रुग्ण सुधारले, काही त्या मलेरियानंच दगावले. १९२७ साली वाग्नर-याउरेग यांना नोबेल मिळालं. १९३०च्या दशकात अमेरिकेत ‘हायपरथर्म’ नावाची पेटी आली. माणसाचं डोकं बाहेर आणि धड गरम दमट हवेच्या पेटीत, असं काही तास ठेवून अंग ४१ अंशांच्या वर न्यायचं. परम्यावर ती काही काळ खरोखर चालली. सिफिलिस आणि परमा या दोन्ही रोगांचे जंतू नाजूक. आपलं शरीर कसंबसं सोसेल अशा तापमानाला ते काही तासांत मरतात. मग सल्फा आणि पेनिसिलिन आलं आणि पेट्या अडगळीत गेल्या.

मग हीच पेटी छातीच्या जुनाट संसर्गाला का नाही? कारण जंतू वेगळा आहे. ब्राँकिएक्टॅसिसच्या किंवा सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या फुप्फुसात जो सगळ्यांत चिवट भाडेकरू असतो तो स्यूडोमोनास एरुजिनोसा. प्रयोगशाळेत या जंतूची ओळख पटवायची एक जुनी खूण आहे: तो ४२ अंशांनाही वाढतो. त्याचे बरेच भाऊबंद त्या तापमानाला हार मानतात, हा मानत नाही. ४२ अंश सेल्सिअस म्हणजे फॅरनहाइटमध्ये १०७.६. इतका ताप आला तर आपण रुग्णाला अतिदक्षता विभागात नेतो, आणि स्यूडोमोनास मजेत असतो. मायकोबॅक्टेरियम एव्हियम हा क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ तर पक्ष्यांच्या गरम अंगात राहणारा, गिझरच्या कोमट पाण्यातही टिकणारा. इग्वानाचा धडा इथं लागू पडत नाही. त्या धड्यातला मोठा वाटा उष्णतेनं जागृत झालेल्या प्रतिकारशक्तीचाही असतो, आणि साचलेल्या कफात शिरून लढायला त्या शक्तीला वाटच मिळत नाही.

शिवाय हे जंतू सुटे राहत नाहीत. स्वतःभोवती चिकट साखरेचं आवरण विणून, एकमेकांना धरून ते वसाहत करतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. सुट्या जंतूला मारायला औषध जेवढं लागतं त्याच्या शेकडो पटींनी ते दिलं तरी या थरातले काही उरतात. आयोवा विद्यापीठातल्या एरिक नक्सॉल यांच्या प्रयोगशाळेनं २०१५ साली स्यूडोमोनासच्या अशा थरावर उष्णतेचे झटके देऊन मोजमाप केलं. ५० ते ८० अंश, १ ते ३० मिनिटं. तापमान आणि वेळ वाढवत नेली तशी जिवंत जंतूंची संख्या लाखोपटींनी कमी होत गेली. म्हणजे थर अभेद्य नाही. मारता येतो. फक्त तो काचेच्या तुकड्यावर होता, माणसाच्या छातीत नव्हता.

आता हे आकडे माणसाच्या मांसाशी ताडून पाहू. कर्करोगावर उष्णतेचा उपचार करणारे डॉक्टर १९८४ पासून सॅपारेटो आणि ड्युई यांचा एक ठोकताळा वापरतात. ४३ अंशांच्या पुढे तापमान एक अंशानं वाढलं की पेशींची तेवढीच हानी व्हायला निम्मा वेळ पुरतो. ४३ अंशांना जी हानी एका तासात होईल ती ४४ला अर्ध्या तासात, ४५ला पंधरा मिनिटांत. असंच निम्मं निम्मं करत ५३ अंशांपर्यंत या: साडेतीन सेकंद. जंतूच्या थराला मिनिटं लागतात, पेशीला सेकंद पुरतात. संपूर्ण उपचाराची अडचण या एका गणितात आहे.

श्वासनळीला आतून उष्णता देणं मात्र अशक्य नाही, हेही सांगायला हवं. तीव्र दम्यासाठी ब्राँकियल थर्मोप्लास्टी नावाचा उपचार २०१० साली अमेरिकेत मान्य झाला. दुर्बिणीच्या नळीतून एक छोटी तारांची टोपली श्वासनळीत नेऊन उघडायची आणि भिंतीला ६५ अंशांची उष्णता १० सेकंद द्यायची. तिथं हेतू जंतू मारायचा नव्हता, नळी आवळणारा स्नायू कमी करायचा होता. आपल्या रुग्णाच्या नळीची भिंत आधीच झिजलेली आहे. तिथला स्नायू जाळून हाती काही लागणार नाही.

सध्या आशा लावली जाते ती चुंबकीय कणांवर. लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण पालटत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवले की स्वतःच तापतात. जर्मनीत मेंदूच्या गाठीत असे कण टोचून उपचार झालेले आहेत. मग हेच कण श्वासावाटे आत सोडावेत, जंतूंच्या थरावर बसू द्यावेत आणि बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावावं, म्हणजे तेवढाच थर तापेल, बाकी फुप्फुस गार राहील. ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण वायगर्टला जे जमलं नाही तेच ती करू पाहते: उष्णता बाहेरून आत नेण्याऐवजी जागेवरच निर्माण करायची.

पण आवडते म्हणून तिच्या अडचणी झाकणार नाही. श्वासातले कण हवा जिथं जाते तिथंच जातात. रोग मात्र नेमका तिथं असतो जिथं कफानं वाट बुजलेली आहे आणि हवा पोहोचत नाही. कण फुप्फुसाच्या चांगल्या भागात आणि शेक चांगल्या भागाला, असं होऊ शकतं. दुसरं, बदलतं चुंबकीय क्षेत्र अख्ख्या छातीभोवती लावलं की शरीरातच विजेचे भोवरे तयार होतात आणि ते सगळं मांस तापवतात. जितका घेर मोठा तितका हा त्रास जास्त. तिसरी अडचण मला सगळ्यांत गंभीर वाटते. स्यूडोमोनासला लोहाची फार भूक असते. आजूबाजूचं लोह ओढून घ्यायला तो खास रसायनं बनवतो. त्याच्या दाराशी लोहाचे कण नेऊन टाकायचे असतील तर ते त्याला पचणार नाहीत, असं वेष्टण लागेल. आणि चौथं, अर्धवट तापवलेला जंतू उष्णतेला सरावतो. १९६२ साली इटलीच्या फेरुचियो रिटोसांनी फळमाशीच्या गुणसूत्रांवर उष्णतेनं उठलेले फुगवटे पाहिले, आणि त्यातून पुढे पेशींची उष्णतेपासून स्वतःला सावरायची यंत्रणा उलगडली. जंतूंकडेही ती असते.

म्हणूनच आयोवाच्याच चमूचं त्यानंतरचं काम मला जास्त वास्तव वाटतं. उष्णता आणि अँटिबायोटिक जोडीनं दिलं तर दोन्हींच्या वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त जंतू मरतात, असं त्यांना दिसलं. एकट्या उष्णतेनं थर संपवायचा हट्ट सोडला आणि औषधाला वाट करून देण्यापुरतीच ती वापरली, तर सोसवेल अशा मात्रेत काही हाती लागेल. आज हा उपचार प्रयोगशाळेत आहे. ‘फुप्फुसातले जंतू उष्णतेने मारणारे यंत्र’ म्हणून कुणी पट्टा, खुर्ची किंवा पेटी विकायला आलं तर विचारा: रोग असलेल्या नळीत तापमान किती झालं, ते मोजलं कसं, आणि उपचारानंतर थुंकीच्या कल्चरमध्ये जंतू किती उरले? ट्रूडोंनी तेवढंच पाहिलं होतं.

मग आज रुग्णानं काय करायचं? आपली जुनी परंपराही इथं पाहण्यासारखी आहे. चरकसंहितेत स्वेदनाचे तेरा प्रकार आहेत. श्वासाच्या विकारात छातीला मीठ घातलेलं तेल लावून शेक द्यायला सांगितलं आहे, पण तो घट्ट बसलेला कफ विरघळून सुटावा म्हणून, आणि सुटलेला कफ बाहेर काढणं ही त्याची पुढची पायरी आहे. आपण शेक ठेवला आणि पुढची पायरी विसरलो. काकांना मी शेक बंद करायला सांगितला नाही, मीठ कमी तापवा एवढंच सांगितलं. बदललं ते त्यानंतरचं. शेकानंतर कॉटच्या पायथ्याखाली विटा देऊन, आजाराची बाजू वर करून वीस मिनिटं झोपायचं, मग तोंड उघडं ठेवून काचेवर वाफ धरतो तसे जोराचे उच्छ्वास टाकून बेडका बाहेर काढायचा. काकूंनी पाठीवर थापटायचं कसं तेही फिजिओथेरपिस्टनं दाखवलं. बरणी पहिल्या आठवड्यात जास्त भरली, आणि ते चांगलं लक्षण होतं.

कफ पातळ व्हायला उष्णतेपेक्षा पाणी लागतं. समुद्रात सर्फिंग करणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना बरं वाटतं, अशा निरीक्षणावरून ऑस्ट्रेलियात ७ टक्के मिठाचं पाणी नेब्युलायझरमधून देऊन पाहिलं गेलं. २००६ साली आलेल्या त्या अभ्यासात आजाराचे झटके कमी झाले. मीठ नळीच्या भिंतीतून पाणी खेचून कफाशी आणतं. ब्राँकिएक्टॅसिसमध्ये पुरावा तितका भक्कम नाही, काहींना त्यानं दमही लागतो. म्हणून पहिला डोस डॉक्टरांसमोर घ्यावा.

आणि एका ठिकाणी उष्णता शंभर टक्के काम करते: नेब्युलायझरचा कप. ओला राहिलेला कप म्हणजे स्यूडोमोनासचं आवडतं घर. बऱ्याच घरांत तो वापरून तसाच पिशवीत टाकतात आणि मग रोज औषधाबरोबर जंतूही छातीत फवारतात. कंपनीनं उकळायला परवानगी दिली असेल ते भाग साबणानं धुऊन पाच मिनिटं खळखळ उकळवा, झटका, स्वच्छ कापडावर पूर्ण सुकू द्या. मशीन आणि तिची नळी मात्र उकळायची नाही.

शेवटी एक मागणी, आणि ती या सभागृहातल्या डॉक्टरांकडे आणि आरोग्य खात्यातल्या मंडळींकडे आहे. टीबीचा कोर्स संपल्यावर रुग्णाला पुन्हा बोलावण्याची पद्धत आपल्याकडे आहे, पण त्या भेटीत आपण बहुधा टीबी उलटला का एवढंच बघतो. थुंकीत टीबीचा जंतू नसला की पाठ थोपटून घरी पाठवतो. त्याच भेटीत फुंकणीवर श्वासाची ताकद मोजा. बेडका रोज पडत असेल तर थुंकीचं साधं कल्चरही पाठवा. कफ काढायची पद्धत रुग्णाला आणि घरच्या एका माणसाला करून दाखवा. या गोष्टींना नवं यंत्र लागत नाही. कल्चरची सोय तालुक्याला नसेल तर नमुना जिल्ह्याला जाऊ शकतो. काकांच्या थुंकीत स्यूडोमोनास सापडला तो कोर्स संपल्यानंतर सहा वर्षांनी, आणि त्या सहा वर्षांत त्यांची थुंकी टीबीसाठी चार वेळा तपासली गेली होती.